पहिल्या घरासाठी व्याज अनुदान: नेमकं किती आणि कधी?

प्रश्न: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५ लाख. शहरात पहिलाच फ्लॅट, किंमत ३२ लाख, कर्ज २२ लाख. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० चं अनुदान पूर्ण कर्जावर मिळतं का? डाउन पेमेंटला धरू का?

उत्तर: धरू नका. घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत चालतं. पण ४ टक्के सवलत पहिल्या ८ लाखांवरच, तीही १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीवर मोजतात. जास्तीत जास्त १.८० लाख, पाच वार्षिक हप्त्यांत, कर्जखात्यात जमा.

उत्तर: गावचं घर तपासा. पती, पत्नी किंवा अविवाहित मुलांच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर असेल तर अर्ज बाद. लग्न झालेल्या मुलाला वडिलांच्या नावचं घर आड येत नाही. पण वारसनोंद होऊन ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टी आकारणीची नोंद) तुमचं नाव लागलं असेल तर अडचण. आणि करारात पत्नीचं नाव आत्ताच घ्या, नंतर पुन्हा दस्त करावा लागतो.

उत्तर: बोनस आला की कर्ज फेडायची घाई नको. अनुदानाचा हप्ता सुटताना कर्जाचं निम्म्याहून जास्त मुद्दल शिल्लक लागतं, नाहीतर पुढचे हप्ते थांबतात.