रस्त्यावरची धडधाकट झाडं काढून रोपं लावणार, हरकत कशी घ्यायची?

पानगळ: आमच्या रस्त्यावरची मोठी झाडं काढून तिथे नवीन लावायचा घाट पालिकेने घातलाय, कारण काय तर मुळांनी फुटपाथ उचलला. झाडं ना रोगट ना पोकळ. शेजारी म्हणतात एकाला दोन लावतायत ना मग कशाला ओरडता. हरकतीत नेमकं लिहू काय?

नुसताच_वाचक: एकाला दोन हा हिशोबच फसवा आहे हो. सावली, धूळ अडवणं, पावसाचं पाणी धरणं सगळं पानांच्या पसाऱ्यावर असतं, खोडं मोजून काय होणार? मनगटाएवढ्या रोपाला तिथवर यायला कित्येक वर्षं लागतात, तेही जगलं तर. "आम्हाला झाडं आवडतात" वगैरे लिहू नका, एकेका झाडाचा तपासणी अहवाल मागा.

खडूस: अहवालाआधी कंत्राट मागा. इंग्लंडात शेफील्डला 2012 मध्ये कौन्सिलने रस्त्यांचं 25 वर्षांचं कंत्राट एमी कंपनीला दिलं आणि त्यात हजारो झाडं गेली, त्यातली बरीच निरोगी, नोव्हेंबर 2016 मध्ये तर रस्टलिंग्ज रोडवर पहाटे अंधारात पोलीस घेऊन तोड केली, लोकांना अटकसुद्धा झाली. नंतर कळलं की कंत्राटातच 17,500 झाडं बदलायचा आकडा होता! कौन्सिलनेच नेमलेल्या तज्ज्ञ पॅनेलने वाचवा म्हटलेली बरीच झाडंही पाडली. 2018 मध्ये विरोधामुळे तोड थांबली, 2023 मध्ये चौकशी अहवाल आला, मग कौन्सिलने माफी मागितली. झाडं गेली ती गेलीच.

चाकावरची: मी व्हीलचेअर वापरते. उचकटलेल्या फरशीमुळे मला भर रस्त्यात उतरावं लागतं, ते कोणी लिहीत नाही. फुटपाथचं काय करणार ते न सांगता नुसतं "झाडं वाचवा" म्हणाल तर माझी सही नाही मिळणार.

नुसताच_वाचक: बरोबर आहे तुमचं. पण त्याला उपाय आहेत की, मुळांवरून हलका चढ देऊन लवचिक, पाणी झिरपणारा थर टाकता येतो, जागा असेल तर फुटपाथ बाहेरून वळवता येतो. फक्त जाड मुळं सपासप कापू देऊ नका, आधार गेला की झाड वादळात आडवं होतं आणि मग "बघा, धोकादायकच होतं" म्हणायला हे मोकळे.

पानगळ: हरकतीची मुदत शुक्रवारपर्यंतच आहे. फुटपाथचा मुद्दा पहिला घालते, कंत्राटाची प्रत उद्याच मागते. @चाकावरची, मसुदा इथेच टाकते, सहीआधी एकदा बघाल का?