मदत हवी आहे: 'दिल्ली सफारी' लहानांना दाखवताना सुलतानचं दृश्य ठेवावं का?

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी सोसायटीच्या गच्चीवर मुलांना निखिल अडवाणींचा 'दिल्ली सफारी' (२०१२) दाखवायचा आहे. बोरिवलीच्या जंगलावर बिल्डरचे बुलडोझर येतात आणि प्राणी जाब विचारायला थेट दिल्लीला, संसदेपर्यंत निघतात, तोच. आमच्या मागच्या कुंपणापलीकडे हेच जंगल आहे, त्यामुळे दुसरा सिनेमा सुचवू नका. मुलं वीसेक, वय ५ ते १०. प्रत हिंदी आहे, सगळ्यांना कळते.

अडचण अशी की बिबट्याचं पिल्लू युवी, त्याचा बाबा सुलतान सुरुवातीच्या भागातच मारला जातो. पाच वर्षांच्या भाचीला घरी दाखवून पाहिला. बजरंगी माकडाच्या उचापतींवर ती खिदळत होती, पण त्या दृश्याला माझा दंड घट्ट धरून "मामा, तो उठणार ना?" एवढंच विचारत राहिली. दुसऱ्यांदा आधी गोष्ट सांगितली, आवाजही कमी केला. काही फरक नाही. दृश्य गाळलं तर युवी दिल्लीला का निघतो तेच कळत नाही. आणि खरं सांगायचं तर ते कारण मला पुसायचंही नाहीये.

पडदा एकच, त्यामुळे छोट्यांना वेगळं बसवता येणार नाही. पालकांशी बोललोय, त्यांनी निर्णय माझ्यावर सोडलाय.

तुमच्यापैकी कुणी ५-६ वर्षांच्या मुलांना हा सिनेमा दाखवलाय का? ते दृश्य ठेवलंत का, आणि ठेवलं असेल तर तिथेच थांबवून मुलांशी बोललात की तसाच पुढे जाऊ दिलात?