मोठे क्रूझ जहाज की लहान? बडोद्याहून सहकुटुंब निघायचे आहे, सल्ला हवा

कारेलीबागकर, बडोदे

सर्वांना नमस्कार. सहकुटुंब एक क्रूझ सहल करावी असा आमचा विचार आहे, परंतु जहाज मोठे घ्यावे की लहान, येथेच घोडे अडले आहे. आम्ही आठ जण आहोत : सत्तरी ओलांडलेले आई-वडील, मी व पत्नी, आमची नऊ आणि पंधरा वर्षांची दोन मुले, आणि इंदूरला स्थायिक झालेला धाकटा भाऊ व त्याची पत्नी. वडिलांना गुडघ्यांमुळे जिने झेपत नाहीत. आई पूर्ण शाकाहारी आहे, शिवाय तिला साध्या घाटातही गाडी लागते, त्यामुळे बोट लागण्याच्या भीतीने ती अजून मनापासून तयार झालेली नाही.

अलकापुरीतील एका ट्रॅव्हल एजंटाने सिंगापूरहून सुटणारे 'गेंटिंग ड्रीम' सुचवले आणि जहाज जितके मोठे तितके चांगले, असे सांगून विषय संपवला. मला मुंबईहून सुटणारे, आकाराने बरेच लहान असलेले कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' सोयीचे वाटते, कारण बडोद्याहून मुंबई काही तासांवर आहे. भावाचे मत निराळेच आहे : हजारो माणसांच्या गर्दीत सुट्टी घालवण्यापेक्षा थोडे अधिक पैसे भरून ग्रीसच्या बेटांकडे जाणारे, काहीशे प्रवाशांचे छोटे जहाज घ्यावे. ज्यांनी दोन्ही प्रकारच्या जहाजांवर दिवस काढले आहेत, त्यांनी कृपया आमच्या घरातील माणसे डोळ्यांसमोर ठेवून मत द्यावे.

जुना दर्यावर्दी, मुंबई (मूळ रावपुरा)

नोकरीची बरीच वर्षे मालवाहू जहाजांवर गेली आणि निवृत्तीनंतर हौसेने प्रवासी जहाजांवर फिरतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या एजंटाने आकार आणि दर्जा यांची गल्लत केली आहे. जहाजाचा आकार ज्या 'ग्रॉस टनेज'मध्ये सांगतात, ते जहाजाचे वजन नसते. आतील बंदिस्त जागेच्या घनफळावरून तो आकडा काढलेला असतो. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागले, आणि त्यासाठी एका केबिनमध्ये दोन माणसे धरली, की प्रत्येकाच्या वाट्याला किती जागा येते याचा अंदाज बांधता येतो. १९९० साली बांधलेल्या 'एम्प्रेस'चे टनेज ४८,५६३ आहे आणि या हिशेबाने प्रवासी साधारण सोळाशे, म्हणजे भागाकार तीसच्या आसपास येतो. 'वायकिंग स्टार' हे २०१५ सालचे जहाज जवळजवळ तेवढ्याच आकाराचे आहे, पण ते ९३० प्रवासीच घेते, त्यामुळे तेथे हाच आकडा एक्कावन्नच्या घरात जातो. आता मोठी जहाजे पाहा : 'गेंटिंग ड्रीम' १,५०,६९५ टनेज आणि ३,३५२ प्रवासी, म्हणजे सुमारे पंचेचाळीस, आणि २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' २,४८,६६३ टनेज आणि ५,६१० प्रवासी, म्हणजे सुमारे चव्वेचाळीस. एकाच आकाराच्या दोन लहान जहाजांत जेवढा फरक आहे, तेवढा या दोन राक्षसी जहाजांत नाही. सुट्टीच्या हंगामात केबिनमध्ये तिसरे-चौथे माणूस येते आणि हा हिशेब सर्वत्रच ढासळतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आता आईंच्या काळजीविषयी. जहाज एका बाजूकडून दुसरीकडे कलते, तसेच पुढून-मागून वर-खालीही होते. पहिली हालचाल रोखण्यासाठी पाण्याखाली दोन्ही अंगांना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते लहान-मोठ्या बहुतेक आधुनिक प्रवासी जहाजांवर असतात आणि चांगले काम करतात, पण मुख्यतः जहाज चालते असेपर्यंतच. दुसऱ्या हालचालीवर त्यांचा फारसा इलाज नाही. तेथे लांबीच कामाला येते, कारण तीनशे पस्तीस मीटरचे जहाज एकाच वेळी अनेक लाटांवर पसरलेले असते. बोट लागण्याची भीती हाच मुख्य प्रश्न असेल, तर मोठ्या जहाजाच्या बाजूने हे सर्वांत सबळ कारण आहे. अर्थात मोठ्या जहाजावरही पुढच्या टोकाची, वरच्या मजल्यावरची केबिन घेतली तर हा फायदा बराचसा वाया जातो.

वडिलांच्या गुडघ्यांसाठी मात्र आकारापेक्षा बंदर पाहावे. जहाज धक्क्याला लागणार असेल तर उतरण्यासाठी सरळ मार्गिका मिळते. खोल समुद्रात नांगर टाकणार असेल तर प्रवाशांना टेंडरने, म्हणजे लहान होडीने, किनाऱ्यावर नेतात, आणि हलत्या होडीत पाऊल टाकणे हे दुखऱ्या गुडघ्यांचे काम नव्हे. गोव्यातील मुरगाव, मलेशियातील पेनांग आणि क्वालालंपूरजवळचे पोर्ट क्लांग येथे मोठी जहाजे धक्क्याला लागतात. लक्षद्वीपच्या अगत्तीला मात्र जहाज खाजणाबाहेर थांबते आणि होडीनेच जावे लागते. ग्रीसमधील सांतोरिनीचीही तीच गत आहे. तेथे किनाऱ्यावर पोहोचल्यावरही वरच्या गावात जाण्यासाठी केबल कार, पायऱ्या किंवा खेचरे एवढेच पर्याय असतात.

राजवाडा चौक, इंदूर

दर्यावर्दी काकांचे लेखन नेहमीप्रमाणे माहितीपूर्ण आहे, परंतु प्रश्नकर्त्यांच्या बंधूंची बाजूही कोणीतरी मांडायला हवी, आणि तेही आमच्याच गावचे असल्यामुळे ती जबाबदारी मी घेतो.

मोठ्या जहाजावर असताना मोठेपणाचा त्रास होत नाही. तो बंदरावर होतो. तीन-चार हजार माणसे एकाच सकाळी एका गावात उतरली की त्या गावाचे जे होते, ते पाहण्यासाठी एवढा खर्च करून का जावे, हा माझा प्रश्न आहे. कित्येक गावांनी आता हे थांबवले आहे. व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यातून २५,००० टनेजपेक्षा मोठ्या जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे, त्यामुळे 'व्हेनिस' म्हणून विकल्या जाणाऱ्या मोठ्या जहाजांच्या सफरी जवळच्या मार्गेरा या औद्योगिक बंदराला किंवा थेट रावेन्ना या दुसऱ्याच शहराला जाऊन लागतात. अलास्कातील जुनो शहरात २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे येतात. अंटार्क्टिकाचा नियम तर फारच स्पष्ट आहे : पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही आणि लहान जहाजांतूनही एका वेळी एका ठिकाणी शंभरच माणसे उतरतात. ग्रीसमधील कोरिंथचा कालवा तळाशी जेमतेम एकवीस मीटर रुंद आहे. २०१९ मध्ये 'ब्रेमार' नावाचे साडेबावीस मीटर रुंदीचे जहाज त्याच्या उंच कड्यांमधून गेले, तेव्हा ती मोठी बातमी झाली होती. 'गेंटिंग ड्रीम'सारख्या जहाजाने असे काही करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

चालण्याविषयीही माझे थोडे वेगळे म्हणणे आहे. तीनशे पस्तीस मीटर लांबीच्या जहाजात केबिन एका टोकाला आणि जेवणाचा हॉल दुसऱ्या टोकाला असेल, तर वडिलांची दिवसातून तीन वेळा चांगलीच पायपीट होईल. लिफ्ट आहेत, पण नाटकाचा खेळ सुटल्यावर त्यांच्यासमोर रावपुऱ्यातल्या दिवाळीच्या खरेदीसारखी झुंबड असते. लहान जहाजावर सगळे काही हाकेच्या अंतरावर असते आणि दुसऱ्या दिवसापासून कर्मचारी नावाने ओळखतात.

मांजलपूरकर, बडोदे

राजवाडा चौक यांचे म्हणणे पती-पत्नी दोघेच निघाले असतील तर मला शंभर टक्के मान्य आहे. येथे मात्र नऊ आणि पंधरा वर्षांची मुले आहेत. काहीशे प्रवाशांच्या जहाजावर सरासरी वय साठीच्या पुढे असते, संध्याकाळी एखादे व्याख्यान किंवा पियानो असतो, आणि काही कंपन्या मुलांना घेतच नाहीत. वर ज्या 'वायकिंग'चे उदाहरण आले आहे, तिच्या जहाजांवर अठरा वर्षांखालील प्रवाशांना प्रवेश नाही. पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी तिसऱ्या दिवशी कंटाळली की तो कंटाळा आठही जणांना पुरतो.

जेवणाविषयी बडोदेकर म्हणून सांगते. मुंबईहून आणि सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी, त्यातही आपल्याकडचे गुजराती समूह, इतके असतात की शाकाहारी आणि जैन जेवण तेथे नित्याचे झाले आहे. युरोपातील लहान जहाजावर आईंना शाकाहारी जेवण नक्की मिळेल, आचारी आदराने विचारपूसही करील, पण आठवडाभर भाजलेल्या भाज्या, पास्ता आणि मशरूम यांवर त्यांचे समाधान होईल का, हे आपणच ठरवावे. मोठ्या समूहाबरोबर स्वतःचा महाराज, म्हणजे स्वयंपाकी, घेऊन जाणाऱ्या सहली असतात, परंतु आठ जणांना तो पर्याय नाही.

खर्चाची तुलना करताना केवळ तिकिटाचे आकडे शेजारी ठेवू नयेत. मोठ्या जहाजांचे मूळ भाडे कमी दिसते; त्यानंतर दरमाणशी दररोजची सेवा-रक्कम, वाय-फाय, शीतपेये, विशेष उपाहारगृहे आणि बंदरावरील सहली यांची बिले स्वतंत्रपणे येतात. लहान, महागड्या जहाजांवर यांतील बरेच काही भाड्यातच धरलेले असते. तरीही आपल्या कुटुंबासाठी मी मोठेच जहाज निवडीन.

कारेलीबागकर, बडोदे

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. ही उत्तरे रात्री जेवताना सर्वांना वाचून दाखवली. अठरा वर्षांखालील प्रवाशांविषयीचा नियम ऐकल्यावर भावाने ग्रीसचा आग्रह सोडला आहे. पुढे ते दोघे स्वतंत्रपणे जातील. आता 'गेंटिंग ड्रीम' आणि 'एम्प्रेस' एवढेच पर्याय उरले आहेत. मुलांच्या शाळांमुळे दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना, यांपैकीच काळ निवडावा लागेल. या दोन्ही काळांत समुद्र कसा असतो, आणि आठ जणांसाठी केबिन कशा घ्याव्यात, हे कृपया सांगावे.

नर्मदातीर, ग्वाल्हेर

विषयांतर वाटल्यास क्षमा असावी, परंतु ज्येष्ठांना बोट लागण्याचीच भीती असेल तर नदीवरच्या जहाजाचा विचार कोणी केलेला दिसत नाही. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून दिब्रुगढला निघालेले 'गंगा विलास' बासष्ट मीटर लांब आहे आणि त्यात अठरा केबिनमध्ये छत्तीसच प्रवासी असतात. एक्कावन्न दिवसांची ती पूर्ण सफर सर्वांना जमणारी नाही, पण गंगेवर आणि ब्रह्मपुत्रेवर कमी दिवसांच्या सफरीही निघतात आणि नदीत लाटांचा प्रश्न नसतो. मुलांसाठी तेथे काहीही नाही, हे मान्य. आई-वडिलांना पुढे कधी दोघांनाच पाठवायचे असेल तर लक्षात असू द्यावे.

जुना दर्यावर्दी, मुंबई (मूळ रावपुरा)

राजवाडा चौक यांनी बंदरांविषयी लिहिले आहे ते योग्यच आहे, आणि लिफ्टसमोरच्या झुंबडीचेही. फरक एवढाच की मोठे जहाज घेणारा माणूस मुख्यतः त्या जहाजावर राहायला जातो. १८८७ साली श्रीमंत सयाजीराव महाराज पहिल्यांदा युरोपला गेले तेव्हा जहाज हे पोहोचण्याचे साधन होते. भावाला हवे असलेले लहान जहाज आजही त्याच वृत्तीचे आहे. 'गेंटिंग ड्रीम' घेणार असाल तर पेनांग पाहायला निघालो आहोत असे समजू नये. मुले पाण्याच्या घसरगुंडीवर असतील, आई-वडील बाल्कनीत बसतील आणि सगळे रात्रीच्या जेवणाला भेटतील, अशा सुट्टीची तयारी ठेवावी.

काळाविषयी. मलाक्काची सामुद्रधुनी एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलेशियाचा द्वीपकल्प यांच्यामध्ये आडोशाला आहे, म्हणून सिंगापूरहून पोर्ट क्लांग व पेनांगकडे जाणारा मार्ग वर्षातील बराच काळ शांत असतो. नोव्हेंबरपासून ईशान्य मोसमी वारे दक्षिण चीन समुद्र खवळवतात, त्यामुळे दिवाळीत जाणार असाल तर व्हिएतनामच्या दिशेची सफर टाळून सामुद्रधुनीतलीच घ्यावी. अरबी समुद्र दिवाळीच्या सुमारास बहुधा शांत असतो, परंतु मे महिन्याचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचेही दिवस आहेत. मेमध्ये 'एम्प्रेस' घ्यायचेच असेल तर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातले घ्यावे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर प्रवासी जहाजांची हौस करू नये.

आठ जणांसाठी चार केबिन घ्याव्यात आणि त्या लांबीच्या मध्यभागी, शक्य तितक्या खालच्या मजल्यावर मागाव्यात. आईंच्या केबिनला खिडकी किंवा बाल्कनी असावी, कारण क्षितिज दिसत राहिले की मळमळ कमी होते. मुलांना आतली, खिडकी नसलेली केबिन चालेल, पण ती तुमच्या समोरच असावी. एजंट 'शेजारच्या' केबिन सांगतो तेव्हा मध्ये दार असलेल्या की नुसत्या लागून असलेल्या, हे विचारून घ्यावे. केबिन लिफ्टपासून फार दूर नको, म्हणजे वडिलांचे चालणे आटोक्यात राहील. आणि केबिनचा क्रमांक आगाऊ निश्चित करून घ्यावा, कारण स्वस्तातील 'हमी' प्रकारच्या आरक्षणात तो कंपनी ठरवते आणि मग पुढचे टोकही वाट्याला येऊ शकते.

सफर सुटण्याआधी सुरक्षा-सराव सक्तीचा असतो. त्यात जमण्याच्या ठिकाणापर्यंत जिन्याने जावे लागेल का, हे वडिलांसाठी आरक्षणाच्या वेळीच कळवून ठेवावे. सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, कारण जहाज त्या देशातून बाहेर पडून पुन्हा तेथेच परतते. अहमदाबादहून सिंगापूरला थेट विमान आहे. सफरीच्या दिवशीच पोहोचणारे विमान न घेता आदल्या दिवशीचे घ्यावे, कारण विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही.