रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये मोजक्या माणसांत लग्न करायचंय – परमिट, जागा आणि विधी याबद्दल मदत हवी आहे

रानजाई

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं टेक्सासात नोकरी करतो, दोघांचेही पासपोर्ट भारतीय. या सप्टेंबरमध्ये कोलोरॅडोत, रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये लग्न करायचं ठरवलंय. हॉल नाही, केटरर नाही, चारशे माणसांची यादी नाही. दोन्ही घरी सांगून झालंय, त्यामुळे "पळून जाताय का?" हा प्रश्न नको, तो सगळ्या मावश्यांनी विचारून घेतलाय. आम्ही दोघं, भारतातून येणारी माझी ताई, होणाऱ्या नवऱ्याचा मित्र आणि मित्राची बायको, एक फोटोग्राफर, बस. डिसेंबरात भारतात रिसेप्शन होईल, ते संपूर्ण आईबाबांच्या हवाली केलंय. त्यात मी लक्ष घालणार नाही असं लेखी दिलंय म्हटलं तरी चालेल.

कायद्याची बाजू फारच सोपी निघाली. कोलोरॅडोतल्या कुठल्याही काउंटी क्लर्कच्या ऑफिसात दोघांनी ओळखपत्र घेऊन जायचं, ३० डॉलर भरायचे, लायसन्स त्याच दिवशी हातात. रक्ततपासणी नाही, थांबण्याची मुदत नाही, साक्षीदारही लागत नाहीत. लायसन्स ३५ दिवस चालतं आणि लग्नानंतर ६३ दिवसांच्या आत सही करून परत द्यायचं. शिवाय या राज्यात लग्न लावायला भटजी, न्यायाधीश कुणीच असावं लागत नाही, नवरा-बायकोनी स्वतःच सही केली की लग्न लागलं!

पार्कची बाजू जरा किचकट आहे. दोनच माणसं असली तरी लग्नाला स्पेशल यूज परमिट लागतं, फी ३०० डॉलर, ती परत मिळत नाही. दर महिन्याला ठराविकच परमिटं देतात आणि लग्न त्यांनी ठरवून दिलेल्या जागांवरच करावं लागतं. इन्स्टाग्रामवर ज्या ड्रीम लेकचे फोटो बघून हे खूळ डोक्यात शिरलं, तो त्या यादीतच नाही. आता आमच्यापुढे स्प्रेग लेक, लिली लेक आणि थ्री एम कर्व्ह अशा तीन जागा आहेत. तिन्ही फक्त फोटोत पाहिल्यात.

तारखेचा घोळ वेगळाच. अ‍ॅस्पेनची झाडं सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पिवळी होतात, आम्हाला तेच हवंय. आईचं म्हणणं, आधीच चातुर्मास, त्यात तुम्ही अगदी पितृपक्षाच्या तोंडावर चाललात. यंदा पितृपक्ष २७ सप्टेंबरला सुरू होतोय. वाटाघाटी होऊन गुरुवार, २४ सप्टेंबर या तारखेवर तह झालाय. बदल्यात आईने विधींची यादी दिलीय: अंतरपाट, हार, मंगलाष्टका, अक्षता, होम, सप्तपदी. "एवढं तरी करा गं." आणि खरं सांगायचं तर मलाही ते हवंय. नुसत्या कागदावर सही करून मला लग्न झाल्यासारखं वाटणार नाही.

पण पार्कात तांदूळ, पाकळ्या, धान्य काहीही उधळायला बंदी. स्पीकर लावायचा नाही. झाडाला काही बांधायचं नाही. मोकळ्यावर अग्नी तर नाहीच.

तेव्हा ज्यांनी तिथे लग्न केलंय, लावलंय किंवा जे नुसते फिरून आलेत त्यांना विचारते: तीनपैकी कुठली जागा, किती वाजता? होमाचं काय करायचं? आणि स्वतःच सही केलेलं हे सर्टिफिकेट पुढे पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालताना किंवा व्हिसाच्या वेळी अडचण तर करणार नाही ना?

डोंगरकोळी

अभिनंदन! मी कोलोरॅडोतच राहतो आणि या पार्कात सुट्टीच्या दिवशी पडीक असतो, म्हणून जागांबद्दल लिहितो.

स्प्रेग लेक घ्या, पहाटेची वेळ घ्या. कारण सांगतो. तळ्याच्या पश्चिमेला हॅलेट पीक, फ्लॅटटॉप ही सगळी कॉन्टिनेंटल डिव्हाइडची, म्हणजे खंडाचं पाणी पूर्व-पश्चिम वाटणाऱ्या डोंगराची, रांग आहे. सूर्य तुमच्या पाठीमागून उगवतो आणि पहिलं ऊन समोरच्या कड्यांवर पडतं. त्या वेळी वारा बहुधा नसतो, त्यामुळे सगळी रांग पाण्यात उतरलेली दिसते. दहाच्या पुढे वारा सुटला की पाणी हलतं आणि खेळ खलास. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे, व्हीलचेअरही जाते, म्हणजे साडीत चालायला त्रास नाही. सप्टेंबरच्या शेवटी सूर्योदय सातच्या थोडा आधी असतो. सहाला पार्किंगमध्ये असायलाच हवं.

परमिट म्हणजे तळं तुमच्या नावावर होत नाही हे मात्र धरून चाला. मासे धरणारे, ट्रायपॉड लावून बसलेले फोटोवाले असणारच. गुरुवार निवडलात ते बरं केलंत. अ‍ॅस्पेनच्या दिवसांत शनिवार-रविवारी तिथे जत्रा असते.

लिली लेक हायवे ७ ला अगदी लागून आहे. छान आहे, पण मंगलाष्टकांच्या मध्ये ट्रक जाईल. थ्री एम कर्व्हवरून लाँग्ज पीक (१४,२५९ फूट) झकास दिसतो, पण जागा उघडी, वारा आला तर अंतरपाट धरणाऱ्यांचे हाल. त्यातूनही जाणारच असाल तर अंतरपाटाला खालून जड काठी शिवा.

यादीत अपर बीव्हर मेडोज पण दिसेल. पहाटेच्या लग्नासाठी ती नको. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे एल्कचा (इकडचं मोठं हरीण) माजाचा काळ. तेव्हा अशा कुरणांत संध्याकाळी ५ ते सकाळी १० रस्ता सोडून पायी उतरायला मनाई असते. एल्कपासून ७५ फूट आणि मूसपासून (त्याहूनही धिप्पाड हरीण) १२० फूट लांब राहायचा नियम आहे. स्प्रेग लेकला मूस येतो. आला तर लग्न थांबवायचं आणि त्याला वाट द्यायची. तो मुहूर्त पाळत नाही.

स्प्रेग लेक बेअर लेक रोडवर आहे. मे अखेर ते ऑक्टोबर मध्यापर्यंत त्या रस्त्यावर पहाटे ५ ते संध्याकाळी ६ टाइम्ड एंट्री असते, म्हणजे वेळ आधी राखून ठेवूनच आत जाता येतं, आणि पार्कच्या बाकीच्या भागासाठीचं वेगळं रिझर्व्हेशन तिथे चालत नाही. परमिटच्या पहिल्याच ईमेलमध्ये गाड्यांचे नंबर देऊन प्रवेशाचं विचारून टाका. फोटोग्राफर पण माणसांच्या मोजणीत धरतात, त्याला विसरू नका.

टपरीवरचा_चहा

एवढा उपद्व्याप कशाला? टेक्सासातच कोर्टात सही करा आणि तीनशे डॉलरची मिसळ खा.

रानजाई

@टपरीवरचा_चहा, माझ्या होणाऱ्या नवऱ्याने तुमचा प्रतिसाद वाचून "बघ" असं म्हटलंय. त्याला चहा मिळणार नाही.

@डोंगरकोळी, किती नीट लिहिलंत! पहाटेचं आम्ही धरलंच नव्हतं, संध्याकाळ डोक्यात होती. जुलैमध्ये कसं असतं? ताईला तेव्हा सुट्टी सोपी पडते.

डोंगरकोळी

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग चढतात आणि विजा पडतात, जवळजवळ रोजचंच. पहाटे केलंत तर जुलैही चालेल, रानफुलं मिळतील. पण अ‍ॅस्पेन हिरवे. शिवाय जुलैची गर्दी आणि परमिटांची मारामारी बघता सप्टेंबरच बरा.

गंपूकाका

होमाबद्दल लिहितो. मी भटजी नाही, पण इकडे बऱ्याच मुलामुलींची लग्नं हौसेने लावून दिली आहेत.

पार्कात अग्नी फक्त कॅम्पग्राउंड आणि पिकनिक एरियातल्या त्यांच्या लोखंडी कड्यांमध्ये, तोही बंदी नसेल तेव्हा. तिथे होम करू द्या म्हणून परमिटवाल्यांच्या मागे लागू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये कॅमेरॉन पीक आणि ईस्ट ट्रबलसम अशा दोन वणव्यांत या पार्कातली सुमारे तीस हजार एकर जमीन जळली. ईस्ट ट्रबलसमची आग तर झाडंही न उगवणारी डोंगराची धार ओलांडून पलीकडे आली आणि पार्काला लागून असलेलं सगळं एस्टेस पार्क गाव रिकामं करावं लागलं. त्या माणसांना आगीची गंमत वाटत नाही, वाटूही नये.

मग काय करायचं? विधी दोन ठिकाणी वाटून घ्या. तळ्याकाठी अंतरपाट, मंगलाष्टका, हार आणि कागदावर सही. होम आणि सप्तपदी दुसऱ्या दिवशी मंदिरात. डेन्व्हरच्या दक्षिणेला सेंटेनियलमध्ये हिंदू मंदिर आहे, आधी फोन करून गुरुजींची वेळ घ्या. परतीचं विमान डेन्व्हरहूनच असेल ना? मग वाकडी वाटही नाही. भाड्याच्या घराच्या अंगणात होम करायचा विचार असेल तर घरमालकाची परवानगी आणि त्या आठवड्यातली काउंटीची आगबंदी दोन्ही बघावं लागेल, आणि बंदी ऐन वेळी लागू शकते. मी असतो तर त्या भरवशावर राहिलो नसतो.

सप्तपदी अग्नीशिवाय तळ्याकाठी घेऊ नका असं माझं मत. कुणाला पटणार नाही, पण अग्नी साक्षी असावा म्हणून तर ती आहे. दोनदा लग्न लागलं असं समजा, बिघडलं काय?

अक्षता उधळायच्या नाहीत, पण हातात धरायला कोण अडवतंय? प्रत्येकाने लहान डबीत घेऊन उभं राहायचं, शेवटच्या "सावधान"ला डबी उंच करायची, झाकण बंद. त्याच अक्षता मंदिरात टाका. मंगलाष्टका तोंडपाठ नसतील तर छापून न्या, मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. सहाच माणसं आहात, आवाज चढवून म्हणा, स्पीकर लागतच नाही.

शेवंताताई

अगं, कुणी थंडीचं सांगितलंच नाही तुला! स्प्रेग लेक साडेआठ हजार फुटांच्या वर आहे. सप्टेंबर अखेर पहाटे पारा शून्याच्या आसपास असू शकतो. नऊवारी नेसणार असशील तर आतून थर्मल लेगिंग्ज, नऊवारीत दिसत पण नाहीत. पैठणीवर शाल हवीच, आणि शाल फोटोत आली तर येऊ दे, निळ्या ओठांपेक्षा बरी. अनवाणी उभं राहायचा हट्ट धरू नकोस. चटई न्या, विधीपुरत्या चपला काढा, परत घाला.

हार ताज्या गुलाबाचे नकोत. पाकळ्या गळतात आणि मग एकेक वेचत बसावं लागतं. मोत्यांचे किंवा लोकरीचे हार ताईला भारतातून आणायला सांग. मुंडावळ्या पण.

आणि दोन दिवस आधी या. टेक्सासातून थेट उठून आलात तर डोकं दुखतं, मळमळतं. एस्टेस पार्क गावच साडेसात हजार फुटांवर आहे. आदल्या दिवशी भरपूर पाणी प्या, मद्य नको, आणि ट्रेल रिज रोडवर हुंदडायला जाऊ नका. तो १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. लग्न झाल्यावर जा, तोवर सवय झालेली असेल. फक्त बर्फ पडलं तर तो रस्ता सप्टेंबरातही बंद करतात.

किटली

कागदपत्रांवर माझं थोडं.

अमेरिकेच्या इमिग्रेशनसाठी, जिथे लग्न झालं तिथल्या कायद्याने ते वैध असलं की पुरतं. कोलोरॅडोत स्वतः सही केलेलं लग्न पूर्ण वैध आहे. भारतीय कामांसाठी काउंटीकडून सर्टिफाइड कॉपी घ्या, एक नाही, तीन-चार. त्यातल्या एकीवर कोलोरॅडोच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसातून अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का, करून घ्या. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे तो शिक्का तिकडे चालतो.

तरी माझा सल्ला: गंपूकाकांसारखं कुणी मिळालं तर लग्न लावणारा म्हणून त्यांची सही घ्या. कायद्याने गरज नाही. पण खिडकीपलीकडचा कारकून तो रकाना बघून "हे कोण? नवरीच?" असं विचारतो आणि आपला अर्धा तास जातो. आमच्या ओळखीत एकांचं असं झालंय. काम झालं शेवटी, पण दुसऱ्या फेरीत.

लायसन्ससाठी लॅरिमर काउंटीचं ऑफिस एस्टेस पार्कमध्येच आहे, अपॉइंटमेंट घेऊन ठेवा. दोघांचे पासपोर्ट हातातल्या बॅगेत.

आणि ताईचं एक बघा. २०२६ पासून अमेरिकेबाहेर राहणाऱ्या, १६ वर्षं आणि त्यावरच्या पाहुण्यांना वार्षिक पास नसेल तर अकरा मोठ्या पार्कांत नेहमीच्या शुल्काशिवाय माणशी १०० डॉलर जास्तीचे पडतात, आणि रॉकी माउंटन त्यात आहे. तुम्ही दोघं इथेच राहता हे दाखवायला टेक्सासची ड्रायव्हिंग लायसन्स जवळ ठेवा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला फोनवर गंपूकाकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. "दोनदा लग्न" हे तिला इतकं आवडलं की चातुर्मास एकदम मागे पडला.

ठरलं ते असं: गुरुवार २४ तारखेला पहाटे स्प्रेग लेक, शुक्रवारी सेंटेनियलला होम आणि सप्तपदी. मंगळवारीच पोचतोय, बुधवारी लायसन्स. परमिटचा अर्ज आज पाठवला, गाड्यांचे नंबर घालून. दुसरी पसंती लिली लेक लिहिली आहे, ट्रकसकट. ड्रोन आणू का म्हणून फोटोग्राफर विचारत होता, त्याला सांगितलं की नॅशनल पार्कात ड्रोनला बंदी आहे.

एकच राहिलं. सही आम्ही दोघंच करू असं होणारा नवरा म्हणतोय, त्याला त्यातच मजा वाटतेय. किटलीताईंचं म्हणणं मला पटलंय. मित्राच्या बायकोने लग्न लावणारी म्हणून सही केली तर तिला आधी कुठे नोंदणी वगैरे करावी लागेल का?

किटली

कोलोरॅडोत लग्न लावणाऱ्याला राज्याकडे नोंदणी करावी लागत नाही. पण कुणी सही करायची याची यादी कायद्यात आहे: न्यायाधीश, धर्मगुरू, त्या त्या पंथाच्या रीतीने लग्न लावणारे, किंवा तुम्ही स्वतः. बुधवारी लायसन्स घेताना क्लर्कलाच विचारून घ्या, मित्राच्या बायकोचं नाव तिथे कसं लिहायचं ते क्लर्कच सांगेल. आणि मी ताई नाही, दादा आहे.

रानजाई

अय्यो! सॉरी किटलीदादा. विचारते बुधवारी.