टोयोटाचं एवढं नाव कशामुळं झालं? वाळूजवाले, गाडीवाले, जाणकार सगळ्यांनी सांगा

बिडकीनचा_डिप्लोमावाला
राम राम मंडळी. मी पैठण तालुक्यातला, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला हाय. ३१ जुलै २०२४ ला टोयोटा किर्लोस्करनं संभाजीनगरच्या, म्हणजे आमच्या बिडकीनकडच्या, नव्या कारखान्यासाठी राज्य सरकारसोबत करार केला तवापासून आमच्याकडं टपरीवर बसा, पारावर बसा, कॉलेजात बसा, विषय हाच. २० हजार कोटींची गुंतवणूक, ८ हजार थेट नोकऱ्या असे आकडे सरकारनंच सांगितले म्हणल्यावर पोरं आशेला लागणारच ना. त्यात घरी मोठा भाऊ जुनी इनोव्हा घ्यायची म्हणतोय, वेरूळ-अजिंठा-शिर्डीची भाडी करायला, आन जो भेटतो तो एकच सांगतो, "डोळे झाकून घे, टोयोटा हाय."

मला डोळे झाकून काहीच घ्यायचं नाही, ना गाडी ना नोकरी. म्हणून विचारतो, या कंपनीचं एवढं नाव कामून झालं? मुळात कशी उभी राहिली, आन कुठं घसरली का? जाहिरातीतलं नको, चालवणारे आन कारखान्यात काम करणारे सांगा. चांगलं-वाईट दोन्ही चालेल.

वाळूज_क्वालिटी
भाऊ, मी वाळूजला एका व्हेंडर कंपनीत, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीला आहे. आमच्या शॉपच्या भिंतीवर फाईव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवणं), कायझेन (रोज थोडी थोडी सुधारणा), पोकायोके (चूक होऊच नये अशी सोय) असे जे बोर्ड लावलेत त्यातलं बरंचसं टोयोटानंच जगभर पसरवलेलं, त्यामुळं मी गाडीपेक्षा कारखान्याबद्दल सांगतो.

सुरुवात कापडाच्या मागापासून आहे. साकिची टोयोडा, जन्म १८६७ चा, सुताराचा पोरगा, गावातल्या बायका हातमागावर किती राबतात ते बघून माग सुधारायच्या नादाला लागला आणि जन्मभर तेच केलं. १९२४ चा त्याचा जी टाईप ऑटोमॅटिक माग लई गाजला, धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, खराब कापड पुढं जायचंच नाही, आणि मागापाशी सतत उभं राहायची गरज नसल्यानं एकच कामगार कितीतरी माग सांभाळायचा. इंग्लंडची प्लॅट ब्रदर्स म्हणजे त्या काळातली मागांची बलाढ्य कंपनी, तिनं १९२९ ला या मागाचे हक्क घ्यायला १ लाख पौंडांचा करार केला. जपानी यंत्राचे पैसे इंग्रज देतोय, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

त्याचा पोरगा किइचिरो, यानं मागाच्या कारखान्यातच १९३३ ला गाडीचं खातं काढलं. अमेरिकन गाड्या आणून खोलायच्या, शेवरलेचं इंजिन बघून आपलं इंजिन ओतायचं, असं करत १९३५ ला पहिला ट्रक आणला, जी-१. हा ट्रक सारखा बंद पडायचा, कंपनीची माणसं रस्त्यात जाऊन दुरुस्त करून द्यायची. हे मुद्दाम सांगतो कारण लोकांना वाटतं जपानी माणूस जन्मतःच परफेक्ट. १९३६ ला एए ही कार आली आणि २८ ऑगस्ट १९३७ ला टोयोटा मोटर ही वेगळी कंपनी झाली.

आता खरा कस लागला तो १९५० ला. युद्धानंतर पैसा संपलेला, गाड्या खपत नाहीत, बँकांनी अटी घातल्या, कामगार कपात ठरली आणि मोठा संप झाला. कंपनी बुडायच्या काठावर होती. किइचिरोनं जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडलं आणि त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटलं, अमेरिकन सैन्याच्या ट्रकच्या ऑर्डरी आल्या आणि कंपनी वाचली, किइचिरो मात्र १९५२ ला गेला, त्याला पुढचं वैभव बघायला मिळालंच नाही. मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

तर पैसा नाही, जागा नाही, मोठा स्टॉक ठेवायची ऐपत नाही, या अडचणीतून ताइची ओहनो या इंजिनिअरनं पद्धत बसवली. पुढच्या स्टेशनला जेवढं लागंल तेवढंच मागच्यानं बनवायचं, त्यासाठी कार्ड फिरवायचं, तेच कानबान. आणि मागाचा जुना नियम लाईनला लावला, चूक दिसली की कुणीबी कामगार दोरी ओढून लाईन थांबवू शकतो. थांबल्यावर पाच वेळा कामून विचारायचं. ओहनोचंच उदाहरण आहे, मशीन कामून थांबलं? लोड जास्त झाला, फ्यूज उडाला. लोड कामून वाढला? बेअरिंगला तेल कमी पडलं. तेल कामून कमी? पंप नीट ओढत नव्हता. पंप कामून ओढंना? शाफ्ट झिजला. शाफ्ट कामून झिजला? जाळी नव्हती, लोखंडाचा चुरा आत गेला. आता जाळी बसव. आपण बहुतेक ठिकाणी फ्यूज बदलून मोकळे होतो आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. टोयोटाचं नाव झालं ते या जाळीमुळं, असं माझं ठाम मत आहे.

नांदेडची_लेक
दादांनी मागाचं छान सांगितलं. माझे आजोबा नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये होते, ते सांगायचे की धागा तुटलेला कळला नाही तर पुढचं कापड दोषी निघतं आणि बोलणी कामगाराला बसतात, म्हणून नजर हलवायची सोय नसायची. धागा तुटल्यावर यंत्रच थांबलं तर त्या माणसाच्या जिवाला केवढा आराम, हे मिल बघितलेल्या घरातल्या माणसाला लगेच कळतं.

अजून एक. टोयोटा आणि किर्लोस्कर यांची गाठसुद्धा आधी कापडाच्या यंत्रांवरूनच पडली. १९९५ ला किर्लोस्कर टोयोडा टेक्स्टाईल मशिनरी निघाली आणि त्यानंतर १९९७ ला मोटारीची कंपनी. किर्लोस्कर म्हणजे तेच, ज्यांच्या लोखंडी नांगरानं आपल्याकडची काळी जमीन नांगरली. विक्रम किर्लोस्कर २०२२ च्या नोव्हेंबरात गेले, भारतातला हा सगळा संसार त्यांनी जमवला होता.

लातूर_टूरवाला
मी इतिहासाचं काई सांगू शकत नाही पण गाडी वीस वर्षांच्या वर चालवूलालो, आधी क्वालिस मग इनोव्हा. २००० साली क्वालिस आली तेव्हा लोक म्हणले ही काय डब्ब्यासारखी गाडी, दिसायला जुनाट, इंडोनेशियात तीच किजांग म्हणून आधीपासून चालूलाली होती. पण लातूर-पुणे रात्रीची भाडी, दहा-दहा माणसं कोंबलेली, वर टपावर बॅगा, येरमाळ्याचा घाट, आन सकाळी परत दुसरं भाडं, गाडी कुरकुर करायची नाही. लग्नसराईत तर इंजिन गार व्हायला वेळ मिळायचा नाही. २००५ ला चांगली खपत असताना कंपनीनं क्वालिस बंद केली आन इनोव्हा आणली, आमाला वाटलं येडे झालेत का काय, पण इनोव्हात पाहुणा मागं बसून झोपू लागला, आन भाड्यावाल्याला त्याच्यापेक्षा काय पाहिजे. एकदा इनोव्हानं गेलेलं गिऱ्हाईक परत फोन करताना गाडीचं नाव घेऊन मागतंय.

मोडत नाही हे मात्र कुणी सांगितलं तर पटू नका देऊ. लोखंड हाय, झिजणारच. फरक हा की वेळच्या वेळी ऑईल, फिल्टर, कूलंट केलं तर ती दगा देत नाही, आन काय बिघडायलंय ते आधी आवाजानं सांगती. पार्ट महाग पडतेत हे खरंय. पण विकायला काढली की गिऱ्हाईक दारात, मराठवाड्यात कोणत्याबी गावात मिस्त्रीला तिचं काम येतंय.

परभणीचा_प्रकाश
सगळे कौतुक करायलेत, ठीक आहे, पण पोरानं वाईट पण विचारलंय मनून लिहितो.

एक, २००९ ला अमेरिकेत लेक्सस (टोयोटाचाच महागडा ब्रँड) गाडीचं ॲक्सिलरेटर मॅटमध्ये अडकून चौघांचा जीव गेला, त्यानंतर पेडल आणि मॅटसाठी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१० ला अकिओ टोयोडा, साकिचीचा पणतू आणि तेव्हाचा कंपनीचा अध्यक्ष, अमेरिकन संसदेच्या समितीसमोर जाऊन बसला आणि कंपनी फार वेगानं वाढली, माणसं तयार करायचं मागं पडलं अशा अर्थाचं त्यानं स्वतः कबूल केलं. २०११ ला तपासात इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष सापडला नाही हे पण सांगितलं पाहिजे. पण ग्राहकांना खरं सांगितलं नाही या कारणावरून २०१४ ला १२० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. लाईनवर दोरी ओढणारी कंपनी ऑफिसात दोरी ओढायला कचरली, असं मी मनतो.

दोन, ताजं आहे. २०२२ ला हिनो, २०२३ च्या डिसेंबरात दाईहात्सु, दोन्ही त्यांच्याच घरातल्या कंपन्या, चाचण्यांमध्ये गडबड केल्याचं बाहेर आलं. जानेवारी २०२४ ला डिझेल इंजिनाच्या चाचण्यांचं निघालं ते टोयोटा इंडस्ट्रीजचं, मनजे तीच मूळ मागवाली कंपनी. आपल्याकडं इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स या गाड्या पाठवणं काही दिवस थांबवलं होतं. गाडीत बिघाड होता असं नाही, पण प्रमाणपत्रासाठी आकडे नीट न देणं हे या कंपनीला शोभत नाही.

तीन, कामगार. कर्नाटकात बिडदीला टोयोटाचा कारखाना आहे, तिथं २०२० च्या नोव्हेंबरात संप आणि टाळेबंदी (कोरोनाची नाही, कंपनीनं केलेला लॉकआउट) झाली, कामाचा ताण हा युनियनचा मुख्य मुद्दा होता, २०२१ च्या मार्चपर्यंत ते ताणलं. बिडकीनच्या पोरांनी हे वाचलंच पाहिजे. आणि एक छोटं, ग्लान्झा मनजे बॅलेनो आणि रुमिओन मनजे अर्टिगा, त्या सुझुकीच्या गाड्या आहेत, वाईट नाहीत, पण क्वालिसच्या नावावर त्या घेऊ नका.

बिडकीनचा_डिप्लोमावाला
सगळ्यांचे लई आभार, एवढं तर आम्हाला वर्गात पण कुणी सांगितलं नाही. वाळूजवाले सर, एक शंका. दोरी ओढायचा अधिकार कागदावर ठीक हाय, पण आपल्याकडं शिफ्टला टार्गेट पडलं की सुपरवायझर काय बोलतो ते सगळ्यांना माहीत हाय. जपानमधली माणसं वेगळी, मग ही पद्धत दुसऱ्या देशातल्या माणसात चालती का खरंच? का आपल्या पोरांना नुसतं कॉन्ट्रॅक्टवर घेऊन पिळणार?

वाळूज_क्वालिटी
चालते, आणि त्याचा पुरावा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात फ्रेमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, सगळ्यात बेकार म्हणून बदनाम, गैरहजेरी, भांडणं, शेवटी १९८२ ला बंद केला. १९८४ ला टोयोटा आणि जीएमनं मिळून तोच चालू केला, नाव नुमी. कामगार बहुतेक तेच, युनियन तीच. त्यातल्या कित्येकांना जपानला नेऊन लाईनवर उभं केलं, दोरी ओढली की वरचा माणूस पळत येऊन "काय अडलं" विचारतो हे त्यांनी डोळ्यानं बघितलं, आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानच्या बरोबरीनं निघायला लागल्या. म्हणजे माणसं वाईट नव्हती, वरच्यांची वागणूक वाईट होती. २०१० ला तो बंद झाला, आज तिथं टेस्ला आहे.

आता आपलं. परभणीकरांचा तिसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. स्टॉक न ठेवायची पद्धत कामगाराच्या अंगावर आली की ताण होतो, कारण सवड कुठंच राहत नाही, आणि त्याचा दाब आमच्यासारख्या व्हेंडरवर पण येतो, कधीकधी रात्री दोनला ट्रक सोडावा लागतो. म्हणून कायम किती आणि कंत्राटी किती हा प्रश्न आत्ताच विचारला पाहिजे. आणि दुसरी मागणी, बिडदीला त्यांनी २००७ ला टोयोटा टेक्निकल ट्रेनिंग इन्स्टिट्यूट काढली, कर्नाटकातल्या खेड्यातल्या गरीब घरच्या दहावी झालेल्या पोरांना तिथंच ठेवून तीन वर्षं शिकवतात. तशी संस्था बिडकीनला झाली पाहिजे, आणि पैठण, गंगापूर, फुलंब्रीच्या पोरापोरींना त्यात आधी जागा. आपल्या आमदार-खासदारांना भेटताना नुसत्या नोकऱ्या मागू नका, ही संस्था मागा.

तू स्वतः आत्तापासून ड्रॉइंग वाचणं, मोजमापं, वेल्डिंगमधले दोष ओळखणं पक्कं कर. ॲप्रेंटिसशिपला कुठंबी लागलास तरी चालेल, पण क्वालिटी किंवा मेंटेनन्स माग, तिथं पाच कामून विचारायची सवय लागते.

लातूर_टूरवाला
गाडीचं राहिलंच की. तुझ्या भावाला सांग, मीटरवर विश्वास ठेवू नको, किलोमीटर मागं फिरवायचा धंदा लई जोरात हाय. सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुनी हिस्ट्री काढ, कुठल्या सालाला किती चालली होती ते तिथं कळतंय. स्टेअरिंग, क्लच पेडल, ड्रायव्हरच्या सीटची फोम बघ, ते खोटं बोलत नाई. जुन्या २.५ डिझेलला टायमिंग बेल्ट हाय, बदलल्याचं बिल नसंल तर बदललाच नाही असं धरून पैसे कमी करून माग. सकाळी गार इंजिन असताना स्वतः चालू करून धूर बघ, मालकानं आधीच गरम करून ठेवली असंल तर दुसऱ्या दिवशी ये म्हण. आन टॅक्सी पासिंगची घेणार का प्रायव्हेट, ते आधी ठरवा, प्रायव्हेट नंबरवर भाडी मारू नका, आरटीओनं धरली तर हंगाम जातो. बजेट किती हाय ते लिही, आमच्याकडं दोन-तीन गाड्या विकायला निघाल्यात, त्यातली एक मला चांगली माहितीय.