अमेरिकन फुटबॉलचा चेंडू निमुळता कोणी केला?

न्यू जर्सीवासी (धागाकर्ता)
परवा येथे एका सदस्याने लिहिले की, अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट आहे तो केवळ डुकराचे मूत्राशय फुगवल्यावर तसे दिसते म्हणून, आणि त्या आकारामागे अमेरिकनांचा काडीचाही विचार नाही. हे वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही. मूत्राशयाची हकिकत इंग्लंडमधील रग्बी गावची, म्हणजे रग्बी या खेळाची आहे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन ही महाविद्यालये एकमेकांशी खेळली तेव्हा चेंडू गोलच होता. लांबट चेंडू येथील महाविद्यालयांत रुजला तो मे १८७४ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डशी खेळून गेल्यानंतर, आणि तो चेंडू पोटात चांगलाच फुगीर होता. १९१२ च्या नियमांत त्याचा लांबीकडील (दोन्ही टोकांवरून मोजलेला) परीघ २८ ते २८.५ इंच आणि पोटाकडील परीघ २२.५ ते २३ इंच ठरला. १९२९ मध्ये पोटाचे माप अर्ध्या इंचाने उतरले, १९३४ मध्ये आणखी उतरून २१.५ इंचांच्या आत आले आणि आजच्या व्यावसायिक चेंडूत ते २१ ते २१.२५ इंच आहे. लांबीकडील परीघ मात्र शंभर वर्षांपूर्वीचाच राहिला. एकच माप वारंवार आणि एकाच दिशेने बदलत असेल, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही. १९०६ मध्ये चेंडू हाताने पुढे फेकण्यास, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली आणि त्या फेकीसाठीच चेंडूची कंबर आवळली गेली.

लीड्सकर
आपण गोष्टीचा पहिला अर्धा भाग दुसऱ्याचा म्हणून बाजूला ठेवता आणि उरलेल्या अर्ध्यावर निकाल देता, हे मला पटत नाही. रग्बी शाळेसमोर दुकान असलेल्या रिचर्ड लिंडन या चर्मकाराच्या घरी ती मूत्राशये तोंडाने फुगवली जात. त्याच कामामुळे फुप्फुसाचा आजार जडून त्याची पत्नी गेली, असे सांगितले जाते. त्यानंतर त्याने रबराचा ब्लॅडर, म्हणजे चेंडूच्या आतली हवेची पिशवी, आणि तो फुगवण्याचा पंप तयार केला. रबर हाती आल्यावर चेंडू पूर्ण गोल करणे सोपे होते, तरीही रग्बीने लांबट आकार सोडला नाही आणि १८९२ मध्ये तो नियमाने सक्तीचा केला. पुढे रग्बीचा चेंडूही पोटात बारीक होत गेला. आमच्या खेळात पुढे पास देण्यास आजही मनाई आहे. मग आमचा चेंडू कोणत्या फॉरवर्ड पासने बारीक केला, याचे उत्तर आपण द्यावे. मी अनेक हिवाळे चिखलात तो चेंडू छातीशी धरून धावलो आहे. धावणाऱ्याला काखेत पक्का बसणारा चेंडू हवा असतो, ही त्या आकाराची पहिली गरज आहे.

न्यू जर्सीवासी
काखेत बसण्याचा मुद्दा मान्य, पण तेवढाच. रग्बीच्या चेंडूचा पोटाकडील परीघ आज ५८ ते ६२ सेंटीमीटर असतो आणि अमेरिकन चेंडूचा ५३ ते ५४. काखेत घेऊन धावणे दोन्ही खेळांत आहे, त्यामुळे हा फरक धावण्याने पडलेला नाही. बोटे लेसवर, म्हणजे चेंडूच्या शिवणीवरील दोरीवर ठेवून, चेंडू स्वतःभोवती फिरवत पुढे फेकायचा असेल, तर तो तळहाताच्या पकडीत आला पाहिजे. असा फिरणारा चेंडू हवेत डगमगत नाही आणि टोक पुढे ठेवून दूर जातो.

ओहायोवासी
दोघेही आकाराला नको तितके श्रेय देत आहात. ५ सप्टेंबर १९०६ रोजी सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला वैध फॉरवर्ड पास फेकला, तो जुन्या फुगीर चेंडूनेच. १९१३ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या गस डोरेने सहकारी न्यूट रॉकनेकडे पास फेकत आर्मीला, म्हणजे लष्करी अकादमीच्या संघाला, ३५-१३ असे हरवले, तेव्हाही चेंडूचे पोट आजच्यापेक्षा दीड इंचाने मोठे होते. पास अडत होता तो नियमांमुळे. सुरुवातीला पास कोणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडला तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जाई, आणि काही वर्षांनी, चाल जेथून सुरू होते त्या रेषेच्या पाच यार्ड मागे फेकणाऱ्याने उभे राहावे, अशी अटही आली. व्यावसायिक लीगने (एनएफएलने) ही पाच यार्डांची अट १९३३ मध्ये काढून टाकली आणि चेंडू बारीक झाला १९३४ मध्ये. इतक्या जवळच्या दोन बदलांतून आपण केवळ चेंडूचा निवडता आणि नियमाचा उल्लेखही करत नाही, हे योग्य नाही.

शिकागोकर
या सगळ्या चर्चेत ड्रॉप किकचे नावही कोणी घेत नाही, याचा मला मनापासून राग येतो. चेंडू हातातून जमिनीवर सोडून तो उसळताच लाथेने गोलखांबांमधून मारणे, ही या खेळातील सर्वात देखणी कला होती आणि जिम थॉर्प हा जुना खेळाडू तिच्यासाठी नावाजला होता. टोके निमुळती झाली आणि चेंडूची उसळी बेभरवशाची झाली. १९४१ च्या अंतिम सामन्यानंतर व्यावसायिक लीगमध्ये यशस्वी ड्रॉप किक पाहण्यासाठी १ जानेवारी २००६ उजाडावे लागले, आणि तीही डग फ्लूटीने कारकिर्दीच्या अखेरीस मारली. माझा मुलगा शाळेच्या संघात किकर, म्हणजे चेंडू लाथेने मारणारा खेळाडू होता. त्याने सरावात ड्रॉप किक मारून दाखवली, तर प्रशिक्षकाने सर्वांसमोर त्याला वेळ वाया घालवू नकोस म्हणून बाजूला बसवले. पाय वापरणाऱ्याला या खेळाने परका केला, आणि आपण कंबरेचे इंच मोजत बसला आहात.

ओहायोवासी
आपल्या मुलावर अन्याय झाला असेल, परंतु त्याचा दोष चेंडूवर टाकू नये. जमिनीवर धरलेल्या चेंडूला लाथ मारणे अधिक खात्रीचे आहे, म्हणून ड्रॉप किक मागे पडली. १९६४ मध्ये पीट गोगोलाकने व्यावसायिक खेळात सॉकरच्या पद्धतीने तिरक्या पावलांनी येऊन किक मारायला सुरुवात केली आणि पुढे सर्वांनी तीच पद्धत उचलली. पाय वापरणारा परका झाला, हे म्हणणे टिकत नाही.

शिकागोकर
अधिक खात्रीचे का झाले, हाच तर प्रश्न आहे! चेंडू फुगीर असताना दोन्ही किका शेजारी नांदत होत्या. टोक अणकुचीदार झाले तेव्हा त्यांतली एक मेली. कारण डोळ्यांसमोर असताना ते नाकारण्याचा हट्ट कशासाठी?

लीड्सकर
याबाबतीत मी शिकागोकरांच्या बाजूने आहे. रग्बीत ड्रॉप गोल, म्हणजे ड्रॉप किकने केलेला गोल, आजही मारतात, कारण आमच्या चेंडूचे टोक अजून बोथट आहे. त्याला मी स्वतः शेकडो वेळा उसळी देऊन पाहिले आहे. सरळ सोडला तर तो सरळ वर येतो.

ओहायोवासी
रग्बीत ड्रॉप गोल टिकला, कारण धावत्या खेळात चेंडू जमिनीवर धरून ठेवायला कोणी थांबत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक चालीआधी खेळ थांबतो आणि चेंडू धरायला माणूस मिळतो. उसळी बिघडली हे मी मान्य करतो, परंतु त्यामुळेच ती किक मेली हे मान्य करत नाही.

न्यू जर्सीवासी
धागा चेंडूचा आहे, किकरांच्या गाऱ्हाण्यांचा नाही, हे मला आता स्पष्ट सांगावे लागत आहे. तरीही शिकागोकरांनी नकळत माझीच बाजू भक्कम केली आहे. किकरचे नुकसान होणार हे समोर दिसत असताना नियम करणाऱ्यांनी चेंडू बारीक केला, याचा अर्थ त्यांनी हात आणि पाय यांतून हात निवडला. ओहायोवासींची पाच यार्डांची अटही फेकणाऱ्यासाठीच रद्द झाली. तिचे महत्त्व मी कमी लेखले असे त्यांना वाटत असेल तर तो नियमबदल मी माझ्या यादीत घालतो, पण आपल्या निष्कर्षातला एक शब्दही बदलत नाही.

शिकागोकर
नकळत नाही, पूर्ण जाणीवपूर्वक सांगितले. हात निवडला, हे आपण लिहिलेत ते बरे झाले. गेली कित्येक वर्षे मी तेच सांगतो आहे. आता ती निवड चुकीची होती की नाही, यावर वेगळा धागा काढतो आणि तेथे किकरांना गाऱ्हाणी मांडण्याची पूर्ण मुभा असेल.