उत्तर: 'गेम शेवटपर्यंत चालला म्हणजे झालं'

वर कुणी म्हटलंय, गेम अडकला नाही म्हणजे एम्युलेटरचं (जुन्या गेम कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामचं) काम झालं. मला नाही पटत. सुपर निन्टेंडो या जुन्या कन्सोलवरचा 'एअर स्ट्राइक पेट्रोल' हा गेम घ्या. विमानाची सावली खाली जमिनीवर पडते आणि तिच्यावरूनच बॉम्ब कुठे पडेल याचा अंदाज येतो. ही सावली उमटवायला गेम पडद्यावरची एक ओळ अर्धी रंगून होते न होते तोच चित्राची सेटिंग बदलतो. आख्खी ओळ एका दमात रंगवणाऱ्या एम्युलेटरवर सावली गायब! बाकी सगळं झकास, त्यामुळे तक्रार करणार कोण? बीस्नेस या एम्युलेटरने हे ओळीऐवजी ठिपक्याठिपक्याने रंगवून सोडवलं, पण प्रोसेसरचा घाम काढला. त्याऐवजी एम्युलेटरला एकेका गेमपुरती ठिगळं लावायची तर आधी काय हरवलंय ते कळायला हवं ना. म्हणून खऱ्या कन्सोलशेजारी ठेवून तपासा.